नाकातून मेंदूकडे : इन्सुलिनची एक आडवाट

ज्यांनी आयुष्यभर पेढीचे येणे-देणे तोंडपाठ ठेवले, त्यांनाच वार्धक्यात नातवाचे नाव आठवेनासे झाले की साऱ्या घराची झोप उडते. अल्झायमर बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. म्हणूनच काही संशोधकांचे लक्ष नाकाच्या वाटेकडे वळले.

बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे मिळविलेले इन्सुलिन मधुमेहींना जीवदान देणारे ठरले. प्रारंभीची साठेक वर्षे ते प्रामुख्याने गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. १९८२ मध्ये जिवाणूंकडून घडविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. प्राणिजन्य औषधाविषयी मनात संकोच असणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हेच संप्रेरक मेंदूत स्मृतीच्या कार्यालाही साहाय्य करते. परंतु सुईने अधिक मात्रा दिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधील पहारा कडक असतो. नाकाच्या छतापाशी मात्र गंधवाहक मज्जातंतू चाळणीसारख्या हाडातील छिद्रांतून थेट मेंदूकडे जातात. मिनेसोटातील विल्यम फ्रे यांनी १९८९ च्या सुमारास ही वाट औषधांसाठी सुचविली. पुढे जर्मनीतील यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले, की नाकात फवारलेले इन्सुलिन मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचते आणि रक्तातील पातळी जवळजवळ बदलत नाही.

आशा वाढली. अमेरिकेत सुझॅन क्राफ्ट यांनी १०४ व्यक्तींना चार महिने फवारा दिला. दररोज २० युनिट घेणाऱ्यांची स्मृती सुधारली. ४० युनिट घेणाऱ्यांच्या स्मृतीत तसा लाभ दिसला नाही. मात्रा दुप्पट केली म्हणून व्याजही दुप्पट मिळते असे नव्हे! त्यानंतरची मोठी चाचणी २८९ जणांवर झाली. फवाऱ्याचे पहिले यंत्र भरवशाचे नसल्याने ४९ जणांनंतर ते बदलावे लागले. २०२० मध्ये निष्कर्ष आले : बारा महिन्यांनंतर औषध घेणारे आणि बिनऔषधी फवारा घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. औषध निष्प्रभ होते की यंत्र ते योग्य जागी पोहोचवू शकले नाही, हा प्रश्न उरलाच. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचा फवारा स्वमग्न मुलांवरील २०२१ च्या मोठ्या चाचणीत असाच निष्फळ ठरला.

त्यामुळे औषधाच्या दुकानातील इन्सुलिन फवाऱ्याच्या कुपीत भरून वडीलधाऱ्यांवर घरच्या घरी प्रयोग करणे हा निव्वळ अविचार होय. त्यात मिसळलेले क्रेसॉलसारखे परिरक्षक नाकाच्या नाजूक त्वचेसाठी नसतात. त्याऐवजी विस्मरण जाणवताच ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांची रक्ततपासणी करून घ्यावी. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव वारंवार आढळते, आणि त्यातून आलेले विस्मरण वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा सुधारते.