मंद्र स्वरांची निगा : बेस गिटार आणि तिचा सरंजाम

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे गाव सुरत–धुळे महामार्गावर, कोंडाईबारी घाटाच्या पश्चिमेस आहे आणि गुजरातची हद्द तेथून फार दूर नाही. त्यामुळे या पट्ट्यातील लग्नसराईच्या संगीताचे नाते धुळ्या-नाशिकपेक्षा तापी आणि डांग या शेजारच्या जिल्ह्यांतील आदिवासी बँडांशी अधिक जवळचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे एकोणसत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात ढोल, मांदळ, बासरी आणि पावरी ही नाचाची मूळ वाद्ये होत. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीत आजही मोठमोठ्या ढोलांचा खर्ज हाच नाचणाऱ्यांच्या पावलांचा खरा आधार असतो. बँडमध्ये कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि इलेक्ट्रिक गिटार आल्यानंतर खर्जाचा हा भार अनेक ठिकाणी बेस गिटारकडे गेला. मात्र हे वाद्य विकत घेणारा तरुण बहुधा गिटारचा रंग, कंपनीचे नाव आणि पेडलांची संख्या यांवरून निवड करतो, आणि तिथेच त्याची दिशा चुकते. बेस गिटारची निवड ज्या स्पीकरमधून ती ऐकू येणार आहे त्याच्यापासून सुरू करून उलट दिशेने वाद्यापर्यंत आणावी लागते, कारण मंद्र स्वर निर्माण करणे सोपे असले तरी तो श्रोत्यापर्यंत पोहोचवणे अवघड असते.

हे वाद्य मुळात वाहतुकीच्या अडचणीतून लोकप्रिय झाले. जॅझ आणि नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस वाजवला जात असे. तो नेणे-आणणे त्रासाचे होते, आणि विद्युत-गिटारच्या गोंगाटात त्याचा आवाजही पुरत नसे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेस या चार तारांच्या वाद्याने दोन्ही अडचणी सोडवल्या. मानेवर धातूचे पडदे बसवलेले असल्याने बोट नेमक्या स्वरावर पडते, आणि नावातला नेमकेपणा तोच होय. १९६० मध्ये त्याच कंपनीचा जॅझ बेस आला, आणि आजच्या बहुतेक बेस गिटारी या दोन नमुन्यांच्याच लेकी-नाती आहेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात टोनी वाझ, चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांनी हे वाद्य रुजवले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतील खर्जाच्या चालत्या ओळी लक्ष देऊन ऐकल्या, तर बेस म्हणजे ठेक्याला जोडलेली दुसरी चाल असते हे ध्यानात येते.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, म्हणजे तिची वारंवारता ४१ हर्ट्झ असते. अशा ध्वनिलहरीची लांबी हवेत आठ मीटरहून थोडी अधिक भरते. एवढी लांब लहर सशक्तपणे उठवायची तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि माणसाचा कानही खालच्या वारंवारतांना मुळातच कमी संवेदनशील असतो. म्हणून लीड गिटारला जेवढे वॅट पुरतात, त्याच्या कित्येक पट शक्ती बेसला लागते. त्यातच विसरवाडीसारख्या गावात कार्यक्रम मोकळ्या पटांगणावर होतो, भिंती नसल्याने खर्ज कोंडला जात नाही आणि पसरून विरतो. गिटारसाठी बनवलेल्या लहान अँप्लिफायरमध्ये बेस जोडल्यास आवाज फाटतो आणि कालांतराने स्पीकरच निकामी होतो. घरी सरावासाठी पंधरा-वीस वॅटांचा खास बेसचा अँप्लिफायर पुरेसा असतो. पण मंडपात वादकाने स्वतःच्या अँप्लिफायरवर फार पैसे घालण्यात अर्थ नाही, कारण तिथे खर्जाचे काम साउंडवाल्याचे ‘बेस’, म्हणजे पंधरा किंवा अठरा इंची स्पीकरांची मोठी खोकी करतात. वादकाने आपला स्वर त्या खोक्यांपर्यंत स्वच्छ पोहोचवला की त्याची जबाबदारी बरीचशी पार पडते.

चार तारा की पाच, हा प्रश्नही इथेच सुटतो. पाचवी तार ३१ हर्ट्झच्या आसपास उतरते आणि मंडपातील बरीच खोकी तो मूळ स्वर धडपणे उमटवू शकत नाहीत. ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंशस्वर. तरीही आपल्याकडे पाचव्या तारेला एक खास उपयोग आहे. गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असेल, तर त्याचा अतिमंद्र षड्ज चार तारांच्या बेसच्या आवाक्याबाहेर राहतो. काळी दोनचा षड्ज मोकळ्या जाड तारेच्या जेमतेम अर्धा स्वर खाली असल्याने वादकाला तो एक सप्तक वर, तिसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर घ्यावा लागतो. पाच तारांच्या बेसवर मात्र पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर काळी एक आणि चौथ्या पडद्यावर काळी दोन हाताशी मिळते. नवशिक्याने तरीही चार तारांपासूनच आरंभ करावा. मान अरुंद असते, न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणे सोपे जाते आणि त्याच पैशांत वाद्य अधिक चांगले मिळते.

वाद्य हातात आल्यावर सर्वांत आधी पाहायची ती मान. मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते आणि ती षट्कोनी किल्लीने फिरवून मानेचा बाक कमी-अधिक करता येतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली असता सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी फट असावी. नवापूर भागातील कडक उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा यांत लाकूड आकसते-फुगते, त्यामुळे मे महिन्यात जुळवलेली मान ऑगस्टमध्ये तशीच राहील असे नाही. सळई एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, आणि खरेदीच्या वेळी ती फिरते की अडकलेली आहे हे अवश्य तपासावे. दुसरी परीक्षा सुरेलपणाची आहे. तार बाराव्या पडद्यावर नुसत्या स्पर्शाने छेडावी, मग तिथेच दाबून छेडावी आणि दोन्ही स्वर एकच येतात का ते ट्यूनरवर पाहावे. किंचित फरक ब्रिजवरील स्क्रूने दूर होतो. स्क्रूचा वाव संपूनही फरक राहिला, तर ते वाद्य परत ठेवावे. या दोन कसोट्यांना उतरलेली साधी गिटार या कसोट्यांत नापास झालेल्या महागड्या गिटारीपेक्षा शतपटीने बरी.

तारांच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चुंबकीय गुंडाळी म्हणजे पिकअप. प्रिसिजन पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप बोलायला भरीव असतो आणि गर्दीत हरवत नाही. जॅझ पद्धतीचे दोन पिकअप अधिक स्पष्ट व नाकातल्या आवाजाकडे झुकणारे असतात. दोहोंचा मेळ घातलेल्या गिटारीही मिळतात. काही गिटारींत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अंतर्गत मंडल असते, त्यांना अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. त्यांच्यात खर्ज व तार स्वर वाढवण्याची सोय असते, परंतु वायर जोडलेली राहिली की बॅटरी उतरत राहते आणि ती संपली की भर वरातीत गिटार मुकी होते. सुट्या भागांचे दुकान दूर असलेल्या गावात बॅटरीविना चालणारी पॅसिव्ह गिटार अधिक भरवशाची. राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेचे वेटोळे घातलेल्या तारा खणखणीत वाजतात. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेटोळे घातलेल्या तारा मऊ व ढोलासारख्या गोलाईने बोलतात आणि जास्त काळ टिकतात. नाचाच्या संगीतात दुसऱ्या प्रकाराचा अनुभव जरूर घ्यावा. आवाजात पडणारा फरक अनेकदा नव्या पेडलाहून मोठा असतो.

पेडल म्हणजे पायाने चालू-बंद करता येणारी, आवाजावर संस्कार करणारी छोटी पेटी. बेसवादकाने त्यांतले पहिले पेडल ट्यूनरचे घ्यावे आणि दुसरे कॉम्प्रेसरचे. कॉम्प्रेसर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आवरतो; त्याचे प्रमाण चारास एक ठेवले, तर पातळीवर चार डेसिबल वाढलेला आवाज बाहेर एकच डेसिबल वाढून येतो. त्यामुळे जोरात पडलेला आणि हळू पडलेला स्वर यांतले अंतर घटते आणि खर्जाची भिंत एकसंध राहते. तिसरे स्थान ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे आवाज थोडा फाडणाऱ्या पेडलाचे आहे, आणि त्याची गरज निव्वळ शोभेची नाही. मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झचा स्वर मुळी काढूच शकत नाही. परंतु त्या स्वराचे ८२, १२३, १६४ हर्ट्झ आणि त्यांच्या वरचे अंशस्वर कानी पडले, तर मेंदू न वाजलेला मूळ स्वर आपणच भरून काढतो. ओव्हरड्राइव्ह हे अंशस्वर वाढवतो, म्हणून लग्नाच्या चित्रफितीतही बेस ऐकू येतो. अट एवढीच की लीड गिटारचे पेडल बेसला लावू नये, कारण ते खर्ज गाळून टाकते. मूळ स्वच्छ आवाज व फाटलेला आवाज यांचे मिश्रण करणारी ‘ब्लेंड’ची कळ असलेले पेडल निवडावे. कोरस, ऑक्टेव्ह, फिल्टर इत्यादी पेडले त्यानंतरची होत. एकाच पेटीत सारे परिणाम असलेले मल्टी-इफेक्ट यंत्र शिकताना स्वस्त व उपयोगी पडते, मात्र त्यातले शंभर आवाज चाळण्याऐवजी दोन-तीन नीट बसवून घेतलेले बरे.

या साऱ्यांहून महत्त्वाची पेटी म्हणजे डीआय. गिटारच्या वायरीतील दुबळा संकेत लांब अंतरावर मलूल होतो आणि वाटेत गुणगुण गोळा करतो. डीआय त्याचे रूपांतर असे करते की साउंडवाले ज्याला ‘कॅनन’ म्हणतात त्या तीन खिळ्यांच्या पिनेतून तो दूरवरच्या मिक्सरपर्यंत निर्मळ जातो. गिटारपासून डीआयपर्यंतची ‘पी-३८’ पिनेची वायर वीस फुटांपेक्षा लांब नसावी. ज्या डीआयमध्ये ३० हर्ट्झखालचा निरुपयोगी गडगडाट छाटण्याची सोय आहे, ती मंडपातील खोक्यांवरचा व्यर्थ भार कमी करते. याचा लाभ शेजाऱ्यांनाही होतो, कारण खर्ज भिंतींतून आरपार जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आवाज स्पष्ट असला की तो वाढवण्याची गरजच कमी भासते.

शेवटचा मुद्दा विजेचा, आणि तो जिवाशी गाठ घालणारा आहे. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि बेसच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे विजेची गुणगुण वाद्याच्या ऐन आवाक्यातच पडते आणि ती छाटायला गेल्यास स्वरही छाटला जातो. म्हणून गुणगुण मुळातच शिरू नये याची काळजी घ्यावी लागते : पेडलांना एका वायरीच्या माळेऐवजी स्वतंत्र, परस्परांपासून विलग असलेला ९ व्होल्टचा पुरवठा द्यावा, त्याची ध्रुवता आणि मिलिअँपिअर पेडलावरील छापील आकड्यांशी ताडून पाहावेत. गुणगुण थांबवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कदापि करू नये. गिटारच्या तारा धातूच्या असून त्या अँप्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अर्थिंग तुटलेले असताना वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकवर गेले, तर विजेचा प्रवाह त्याच्या शरीरातून वाहू शकतो. जनरेटरवर चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमापूर्वी बँडने अर्थिंग टेस्टरने तपासून घ्यावे, सर्व वाद्ये व मिक्सर एकाच अर्थ केलेल्या बोर्डावरून चालवावेत आणि ती खात्री झाल्याशिवाय कोणीही गिटार गळ्यात घालू नये.