फाइल पुसली, मग जागा गेली कुठे?

रात्री अकराला फोन येतो. सर्व्हरची डिस्क १०० टक्के भरलीय, डेटाबेस अडून बसलाय. ड्यूटीवरच्या मुलाने ४० जीबीची लॉग फाइल शोधून उडवलीसुद्धा, तरी 'डीएफ -एच' अजून १०० टक्केच दाखवतंय. आता तो घाबरून दिसेल ती फाइल उडवायला लागतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

'आरएम' दिलं की जागा मोकळी झाली, हा समज फार पक्का आहे. लिनक्समध्ये आरएम फक्त फोल्डरमधली नावाची नोंद काढतं. डिस्कवरची जागा सुटायची तर त्या फाइलचं एकही नाव उरता कामा नये, आणि कुठल्याही चालू प्रोग्रामने ती उघडी धरलेली नसावी. लॉग लिहिणारा प्रोग्राम तर ती उघडी धरूनच बसलेला असतो. नाव गेलं तरी तो तिच्यात लिहीतच राहतो. 'डीयू' फोल्डर फिरून नावं सापडतील तेवढ्याच फाइलींची बेरीज करतं, डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतं. म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि ही तफावत हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. रूट होऊन 'एलएसओएफ +एल१' द्या. नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइलींची यादी येते, कुठल्या प्रोग्रामने धरली आहे त्याच्या पीआयडीसकट. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा लगेच सुटते. मुळात चालू लॉग पुसायचीच नसते. हवी असेल तर आधी दुसरीकडे कॉपी करून 'ट्रंकेट -एस ०' ने जागच्या जागी रिकामी करायची.

कधी डीएफमध्ये भरपूर जीबी शिल्लक दिसतात, तरी नवी फाइल बनत नाही. तेव्हा 'डीएफ -आय' बघा. प्रत्येक फाइलला एक इनोड लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये इनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरलेली असते. बारीकबारीक सेशन फाइली लाखांनी साचल्या की इनोड संपतात, जागा पडून राहते.

कमांड लाइन धोक्याची, असं बरेच जण म्हणतात. पण डीएफ, डीयू, एलएसओएफ, पीएस या कमांड कशालाही हात लावत नाहीत, नुसती माहिती देतात. नव्या मुलांना मी पहिले पंधरा दिवस एवढ्याच वापरू देतो.

'फ्री' चालवून 'मोकळी रॅम २०० एमबीच उरली' म्हणून रॅमची मागणी करणारे खूप भेटतात. रिकामी रॅम कर्नल वाया घालवत नाही. वाचलेल्या फाइली तो तिथे कॅशमध्ये ठेवतो आणि प्रोग्रामला गरज पडली की ती जागा देऊन टाकतो. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना. त्यासाठीचा अंदाज २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून कर्नल स्वतःच देतो. रोज रात्री कॅश साफ करणारी स्क्रिप्ट कुणी लावली असेल तर काढून टाका. तिच्यामुळे सकाळी सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं.

प्रोग्राम अडकला की थेट 'किल -९' मारायची सवयही अशीच. नुसतं किल दिलं तर १५ नंबरचा सिग्नल जातो. तो प्रोग्रामला मिळतो, हातातलं काम आवरायला, फाइली नीट बंद करायला वेळ देतो. ९ नंबर प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, कर्नल त्याला परस्पर संपवतो. अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. आणि पीएसमध्ये ज्याच्यापुढे 'डी' दिसतं, तो प्रोग्राम बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजची वाट बघत असतो. तो ९ नेही सहसा लगेच जात नाही. तिथे दुखणं स्टोरेजमध्ये शोधायचं.

शेवटचा गैरसमज माझ्या अंगावर आलेला आहे: कमांड हाताने चालली म्हणजे ठरल्या वेळी ती आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्येही चालेल. क्रॉन तुमची लॉगिनची सेटिंग वाचत नाही, त्याचा पाथही तोकडा असतो, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. हे मला माहीत होतं. टक्क्याच्या चिन्हाचं माहीत नव्हतं. क्रॉनटॅबच्या ओळीत % आलं की कमांड तिथेच तुटते आणि पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. मी बॅकअपच्या नावात तारीख घालायला 'डेट +%एफ' लिहिलं होतं, % च्या आधी उलटी तिरकी रेघ दिली नव्हती. हाताने ती ओळ दहा वेळा बिनचूक चालली. तीन आठवड्यांनी एका बाईंची हिशेबाची फाइल परत आणायची वेळ आली, तेव्हा बॅकअपचं फोल्डर रिकामं निघालं. क्रॉनने चूक लपवली नव्हती. तो दर रात्री मेल पाठवत होता, पण क्रॉनटॅबमध्ये 'मेलटू' लिहून माझा पत्ता मी दिलाच नव्हता. सर्व्हरवरच्या रूटच्या पेटीत २१ मेल न वाचलेले पडले होते.