अडचण जाहीर, उत्तर कुणीही द्यावं

लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांकडे गेलं, की ते कल्चर करायला सांगतात आणि रिपोर्ट यायच्या आधीच एखादं अँटिबायोटिक लिहून देतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागणार. तोवर पेशंटने कळ कशी काढायची? मग औषध अंदाजानेच सुरू होतं. अंदाज चुकला, तर त्या औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात आणि फोफावतात. 2019 या एका वर्षात अशा जंतूंनी थेट घेतलेले बळी जगभरात 12 लाख 70 हजारांच्या घरात जातात, असा ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अंदाज आहे.

2014 साली ब्रिटनमध्ये या अडचणीवर 80 लाख पौंडांचं बक्षीस लागलं. विषय लोकांच्या मतदानातून ठरला. तपासणी अचूक हवी, झटपट हवी, परवडणारी हवी आणि जगात कुठेही करता यायला हवी, एवढंच मागणं. ती करायची कशी, हे तुमचं तुम्ही बघा!

बक्षिसाचं नाव ‘लाँजिट्यूड प्राइझ’, म्हणजे रेखांशाचं बक्षीस. नाव तीनशे वर्षांपूर्वीचं. 1707 साली आपण नेमके कुठे आहोत हे न कळल्यामुळे ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांजवळच्या खडकांवर आपटून बुडाली. त्यानंतर 1714 मध्ये पार्लमेंटने कायदाच केला: समुद्रावर अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवा, 20 हजार पौंड घ्या. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून घरच्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ जवळ असेल, तर तिथल्या आणि इथल्या वेळेतल्या फरकावरून रेखांश निघतो. म्हणजे सहा आठवड्यांच्या सफरीत घड्याळ जेमतेम दोन मिनिटं चुकायची मुभा, दिवसाला तीन सेकंदही नाहीत. तेही डुलणाऱ्या जहाजावर, जिथे लंबक कामाचा नाही. विद्वानांचा भरवसा चंद्र-ताऱ्यांवर होता. उत्तर आणलं लिंकनशरच्या एका खेड्यात वाढलेल्या जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने. त्याचं 13 सेंटिमीटर व्यासाचं चौथं घड्याळ 1761 मध्ये जमैकाला निघालं. त्याची रोजची ठरलेली चूक हिशेबात धरल्यावर, 81 दिवसांनी ते फक्त पाच सेकंद मागे होतं. पैसे द्यायला मात्र सरकारने वर्षानुवर्षं खळखळ केली.

नव्या बक्षिसाचा निकाल लागायलाही दहा वर्षं गेली. जून 2024 मध्ये ते स्वीडनच्या ‘सिस्मेक्स ॲस्ट्रेगो’ या कंपनीला मिळालं, आणि त्यांच्या यंत्राच्या पोटातली युक्ती पाहून मी थक्क झालो.

कल्चरला वेळ लागतो, कारण जंतूंची वसाहत डोळ्यांना दिसण्याइतकी वाढावी लागते. एकेक जंतू तर वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. मग वसाहतीची वाट बघायचीच कशाला, एकट्या जंतूची वाढ मोजली तर? उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये नेमकं हेच करून दाखवलं. बक्षीस मिळालेलं यंत्र याच युक्तीवर चालतं. लघवीचे काही थेंब एका छोट्या कार्ट्रिजमध्ये घालायचे. आत हजारो सूक्ष्म वाटा, प्रत्येक जेमतेम एका जंतूच्या रुंदीची. वाट शेवटी इतकी निमुळती होते, की पाणी पुढे जातं आणि जंतू अडकतो, अरुंद बोळात हातगाडी अडकावी तसा. काही वाटांतून निव्वळ पोषक द्रव सोडतात, काहींतून औषध मिसळलेला. वर सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा फोटो काढत राहतो. औषधातही जंतू बिनदिक्कत लांब होत राहिला, तर ते औषध कुचकामी. वाढ मंदावली, तर औषध लागू. संसर्ग आहे की नाही, हे पंधरा मिनिटांत कळतं आणि पाच औषधांचा निकाल पाऊण तासात हातात येतो. म्हणजे योग्य औषधाची चिठ्ठी त्याच भेटीत.

पण बक्षीस एकाला मिळालं, तरी कामाला लागतात शेकडो. या स्पर्धेत आपल्या पुण्याची ‘मॉड्यूल इनोव्हेशन्स’ ही कंपनीही होती. माझ्या मते अशा स्पर्धांची खरी कमाई हीच: संशोधन-अनुदानाची समिती सहसा अनुभवी माणसं बघून पैसे देते, स्पर्धा मात्र उत्तर चालतं का एवढंच विचारते. त्यात सुतारालाही जागा राहते.

एक कोडं मात्र तसंच आहे. लघवीतल्या संसर्गात जंतू मुबलक सापडतात. रक्तातल्या संसर्गात कधीकधी एका मिलिलिटरमागे दहासुद्धा नसतात. त्यांना आधी वाढवावं लागतं, आणि त्यात तास जातात. रक्ताच्या बाबतीत पेशंट आजही थांबलेलाच आहे.