सर्रा : रक्ताच्या थेंबातील लपंडाव

घोड्याला राहून राहून ताप भरतो, पोटाखाली सूज उतरते, आणि चारा खात असूनही तो खंगत जातो. ‘सर्रा’ या नावाने परिचित असलेल्या या व्याधीस कारणीभूत होणारा सूक्ष्म जीव ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे रक्तात पाहिला. रक्त पिणाऱ्या माश्या तो पसरवितात.

निदानाची अडचण मात्र सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडची आहे. हा जीव आपले बाह्य आवरण वारंवार पालटतो. शरीर एका आवरणास ओळखून त्याचा नायनाट करीत असतानाच नव्या आवरणाचे जीव वाढू लागतात. ताप चढलेला असता घेतलेल्या थेंबात ते वळवळताना दिसतात. ताप ओसरल्यावर तीच काचपट्टी निर्दोष भासते. अशा एका काचपट्टीवर विसंबून घोडा निरोगी ठरविणे, म्हणजे शेजारची सारी पागा धोक्यात घालणे होय. म्हणून रक्त बारीक नळीत वेगाने फिरवून श्वेतपेशींच्या थरालगत शोध घेतात, किंवा जीवाच्या जनुकद्रव्याची चाचणी करतात. प्रतिद्रव्यांच्या चाचणीवर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण रोग बरा झाल्यावरही ती काही काळ रक्तात टिकतात.

माणसाचे रक्त या जीवास सहसा मारक असते. तथापि रायपूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास २००४ साली हीच बाधा झाल्याचे आढळले. त्याच्या रक्तात त्या जीवास मारणारे प्रथिनच नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.