पितळी बाजा आणि आपली मिरवणूक

पितळी बाजा आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. ट्रम्पेट, युफोनियम, क्लॅरिनेट ही वाद्ये गावगाड्यातल्या कोणत्याही बलुत्यात बसत नव्हती. त्यांना जात नव्हती. आज मात्र नगर जिल्ह्यात लग्नसराईत बँडचा गणवेश घातलेली माणसे कोण, असे विचारले तर उत्तर बहुधा मातंग, होलार किंवा गरीब मुसलमान असेच येते. परदेशी वाद्याला आपल्या मातीत जात कशी चिकटली, हे समजून घेतले पाहिजे. कारण या प्रश्नाचा धागा थेट आपल्या जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत येतो.

बाजा आला तेव्हा त्याची जागा आधीच ठरलेली होती. हलगी आणि डफ चामड्याचे, म्हणून ते अस्पृश्याने वाजवायचे. तोंडाने फुंकायच्या वाद्याला थुंकी लागते, म्हणून तेही उच्चवर्णीयाने हाती धरायचे नाही. देवळातली सनई गुरवाकडे असेल. पण वरातीपुढे, जत्रेपुढे धुळीतून चालत वाजवणारा महार, मांग किंवा होलारच. वाजवल्याशिवाय सवर्णांचे मंगलकार्य होत नसे आणि वाजवणाऱ्याला मांडवात बसता येत नसे. पितळी वाद्ये आली ती याच जागेवर येऊन बसली. वाद्य बदलले, वाजवणाऱ्याची जागा बदलली नाही.

हे वाजवणे कलावंताच्या मर्जीचे नव्हते, ती वेठ होती. बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) इंदूरकडील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाईंवर ज्या अटी लादल्या त्यांत जरीकाठी पगडी घालू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, यांबरोबर हिंदूंच्या लग्नात आणि वरातीपुढे बलाईंनी वाजवलेच पाहिजे, अशीही अट होती. मान्य नसेल तर गाव सोडा. त्याच १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. वतन कायद्याने जायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणून वाजवणे सोडणे हा आपल्या चळवळीचा भाग झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत महारांनी पोळ्याला, जत्रेला, लग्नाला वाजवण्याचे नाकारले. आमच्या आजोबांनी हलगी आढ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. गावाने बहिष्कार घातला आणि वाजवण्याचे काम मातंग वस्तीकडे सरकवले. एका वस्तीच्या नकाराविरुद्ध दुसऱ्या वस्तीची भूक वापरली गेली. दोन समाजांतल्या दुराव्याची मुळे शोधताना हा इतिहास विसरता येत नाही.

मातंगांना बँडने काही दिले नाही, असे नाही. हलगीवाल्याला सुगीला पेंढी आणि लग्नात उरलेले अन्न मिळे; बँडवाला सुपारी घेतो, रोख पैसे ठरवतो. मेरठच्या जली कोठीत ही वाद्ये बनू लागल्यावर ती आवाक्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत तुतारीच्या जातीच्या वाद्यांना कळा बसवण्याची युक्ती निघाली होती. तीन कळा आणि एका हाताची तीन बोटे. दिवसभर राबून घट्टे पडलेल्या हातालाही हे वाद्य साधते. जगभरच्या कष्टकऱ्यांनी ते उचलले, त्याचे हे एक कारण.

इंग्लंडमध्ये डरहॅम येथे १८७१ पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो. जुलैतल्या एका शनिवारी बायकामुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर येतात. प्रत्येक खाणीच्या कामगार संघटनेचे निशाण आणि त्याच्यापुढे ब्रास बँड. त्या वर्षी खाणीत कोणी दगावले असेल तर निशाणाला काळे कापड. १९९० च्या दशकात तिथल्या शेवटच्या खाणीही बंद झाल्या, बाजा बंद पडला नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या लोकांनी वर्गणी काढून परस्परसाहाय्याची मंडळे स्थापली. सभासद वारला की मंडळ त्याला बँड लावून सन्मानाने निरोप देई. दोन्हीकडे वाजवणारा आणि मिरवणारा एकाच समाजाचा आहे. आपल्याकडे शतकानुशतके वाजवणारा एक आणि मिरवणारा दुसरा राहिला.

आपल्या रस्त्यावर ही रीत प्रथम मोडली ती भीमजयंतीने. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली, तीही १९२८ मध्येच. आपला बाजा आपल्याच माणसासाठी वाजला. याची किंमत अजून द्यावी लागते. मे २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शिर्डीत, मोबाईलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले एवढ्यावरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला.

२०२४ ची जयंती रविवारी आली. गावाकडून आई, बहीण, भाचे आले आणि आम्ही सगळे नगरची मिरवणूक बघायला गेलो. डीजेच्या भिंती पुढे सरकत होत्या, त्यांच्यामागे एक लहानसा बँड होता. भाच्याने हट्ट धरला तेव्हा युफोनियमवाल्या काकांनी त्याला कळा दाबून दाखवल्या. आई त्यांना म्हणाली, “दुपारधरनं वाजवताय दादा, जेवला का?” ते नुसते हसले.

तो प्रश्न प्रत्येक जयंती मंडळाने स्वतःला विचारला पाहिजे. आपण वाजवणे सोडले, ते योग्यच झाले. पण आता आपण मिरवणारे झालो आहोत. आपल्या मिरवणुकीत वाजवणारा मातंग कलावंत पंगतीला कोठे बसतो? ठरलेले पैसे त्याला त्याच रात्री मिळतात की चार खेपा घालाव्या लागतात? २०२० आणि २०२१ या दोन लग्नसराया टाळेबंदीत बुडाल्या, तेव्हा किती मंडळांनी आपल्या बँडवाल्याच्या घरी धान्य पोचवले? आणि डीजे लावून आपण त्याची उरलीसुरली सुपारीही काढून घेत असू, तर ‘आपली’ मिरवणूक या शब्दात तो येतो की नाही?

मंडळांना हे अवघड नाही. सुपारीचा कागद करावा, अर्धे पैसे आधी द्यावेत, वाजवण्याचे तास आणि विश्रांती ठरवावी, एकाच पंगतीत जेवावे आणि पत्रिकेत पाहुण्यांच्या नावांबरोबर वाजवणाऱ्यांची नावे छापावीत. याच्याही पुढे जाऊन आपल्या मुलामुलींनी ही वाद्ये त्या उस्तादांकडून शिकावीत. वेठ म्हणून टाकलेले वाद्य स्वेच्छेने हाती घेण्यात कमीपणा नाही. बौद्ध मुलगी आणि मातंग मुलगा एकाच गणवेशात ट्रम्पेट वाजवत मिरवणुकीच्या पुढे चालू लागले, तर त्या वाद्याला चिकटलेली जात सुटू लागेल.