धंदा वाढवताना आडवी येणारी लोकलज्जा

नोकरी मिळाली नाही म्हणून, किंवा एका पगारात भागत नाही म्हणून, छोटासा धंदा करणारी माणसे आपल्या वस्त्यांतून आता पुष्कळ दिसतात. कोणी शिवणकाम करतो, कोणी मसाले-पापड, कोणी मंडप-डेकोरेशन, कोणी मोबाईल दुरुस्ती. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे असल्याने अशा अनेकांशी आमचा रोजचा संबंध येतो. धंदा सुरू करताना भांडवलाची अडचण येते हे सर्वजण सांगतात. परंतु चालू लागलेला धंदा वाढवण्याच्या वेळी जी अडचण येते तिच्याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही. ती अडचण म्हणजे 'लोक काय म्हणतील' ही भीती होय.

धंदा लहान असतो तेव्हा ही भीती फारशी जाणवत नाही. घरी एका मशीनवर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना सारी गल्ली कष्टाळू म्हणते. त्यांनी दुसरे मशीन घेतले, मदतीला मुलगी ठेवली, दारावर पाटी लावली की त्याच गल्लीत 'आता पैशाच्या मागे लागल्या' असे शब्द निघतात. निदान निघतील असे ताईंना वाटू लागते. आपल्याकडे लहान धंद्याला कष्ट म्हणतात आणि वाढत्या धंद्याला हाव म्हणतात, हे मोठे विचित्र आहे.

या भीतीची किंमत रुपयांत मोजता येते. समजा ताई शिलाईचे १५० रुपये घेतात. अस्तर, दोरा, हूक यांना ५० रुपये जातात आणि १०० सुटतात. मदतनीस मुलीला नगामागे ७० रुपये दिले तर तिच्या हातून झालेल्या प्रत्येक नगावर उरतात ३०. त्यातूनच वीज, मशीनची दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता. बाजारपेठेतल्या टेलरला ३०० रुपये मुकाट्याने देणाऱ्या बायकाच ताईंची गिऱ्हाइके असतात, पण त्यांच्याकडे २२० मागायला ताईंची जीभ रेटत नाही. मग दोन महिन्यांत मशीनवर कापड झाकले जाते आणि 'धंद्यात राम नाही' असे बोलले जाते. वास्तविक धंद्यात सर्व काही असते. दर तेवढा भीतीने ठरवलेला असतो.

अशा वेळी 'हिंमत धरा' एवढे सांगून भागत नाही. हिंमत बाजारात विकत मिळत नाही. जे तोंडाने सांगायला जड जाते ते कागदाकडून वदवून घ्यावे. पुढील महिन्याच्या एक तारखेपासून नवे दर, हाती असलेली कामे जुन्याच दराने, असे स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीला लावावे. दर सर्वांना सारखा असला की नात्यातल्या माणसालाही वाईट वाटायचे कारण उरत नाही. 'आज रोख उद्या उधार' ही पाटी दुकानदारांनी विनोदासाठी लावलेली नाही. ओळखीच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणण्याचे काम ती पाटी करते.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्याकडे लोक जितके पाहत आहेत असे आपल्याला वाटते तितके ते पाहत नसतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी याविषयी एक गमतीदार प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला इतर मुले बसलेल्या खोलीत पाठवले. असा शर्ट घालणे त्या मुलांना लाजिरवाणे वाटत असे. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हे लक्षात आले असेल असा शर्ट घालणाऱ्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे पाव मुलांच्याच लक्षात आले होते.

तथापि ही भीती म्हणजे निव्वळ मनाचे खेळ, असे आपल्या समाजाला सांगणे खोटेपणाचे होईल. कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत शेअर्स व गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. सल्ला चुकला म्हणून ती बंद पडली नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले. आजही खानावळ किंवा मसाल्याचा धंदा काढणारा आपला तरुण पाटीवर आडनाव लिहावे की नाही याचा विचार करतो, तो उगाच करत नाही. ते लिहावे की लिहू नये हे ज्याने त्याने ठरवावे, आम्ही कोणाला दोष देणार नाही. मात्र एका गल्लीच्या मर्जीवर धंदा ठेवू नये. आठवड्याचा बाजार, शेजारचा तालुका, सरकारी कार्यालयांतली कामे, अशी तीन-चार ठिकाणची गिऱ्हाइके असली की एका ठिकाणी नाक मुरडले तरी चूल पेटते.

सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर चिखल-शेण पडे म्हणून जास्तीचे लुगडे बरोबर नेत, असे सांगितले जाते. आपण त्यात धैर्य पाहतो. आम्हाला त्यात तयारीही दिसते.

आता थोडे आमच्या काउंटरविषयी. धंद्याचे पैसे घरच्या बचत खात्यातच फिरवणारे पुष्कळ आहेत. चालू खाते उघडायचे म्हणजे आपण स्वतःला व्यापारी म्हणवून घेतो, याचा संकोच. पण वेगळ्या खात्याशिवाय धंद्याची उलाढाल दिसत नाही आणि उलाढाल दिसली नाही तर वाढीव कर्ज मागायला आधार राहत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज विनातारण मिळते, त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' आहे. शिशुवरून किशोरकडे जाताना हे खातेच आपल्या बाजूने बोलते.

सर्वात घातक संकोच थकलेल्या हप्त्याचा. एक हप्ता चुकला की माणूस शाखेसमोरचा रस्ता सोडून पलीकडून जातो, फोन उचलत नाही. साहेब चारचौघांत काय बोलतील, ही धास्ती. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित धरले जाते आणि मग सर्वच मार्ग अरुंद होतात. त्याआधी येऊन बोलल्यास काहीतरी वाट निघण्याची शक्यता असते. आम्हा कारकुनांच्या मनात तर त्या वेळी संध्याकाळी कॅश जुळेल की नाही एवढाच विचार असतो. येताना विक्रीची वही, येणे असलेल्या उधारीची यादी आणि पासबुक बरोबर आणावे, आणि शक्यतो दुपारी तीननंतर यावे. तेव्हा रांग नसते आणि मॅनेजर साहेबही निवांत ऐकतात.