चौकट : पार्ल्याचं घर, हाकेच्या अंतरावर

विलेपार्ले पूर्वेचं जुनं घर म्हणजे बैठा किंवा एकमजली बंगला : पुढे ओटा, व्हरांड्यात कड्यांचा झोपाळा, मागे विहीर आणि आंबा-फणस. आता बहुतेकांच्या जागी इमारती आहेत; सोयी मात्र अजूनही पायी गाठता येतात.

● शाळा : पार्ले टिळक विद्यालय, स्थापना १९२१. पु. ल. देशपांडे इथलेच विद्यार्थी.

● संस्था : लोकमान्य सेवा संघ, १९२३. ग्रंथालय, व्याख्यानं, गणेशोत्सव.

● नाटक : महापालिकेचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह.

● कारखाना : पार्ले कंपनीचा कारखाना १९२९ साली सुरू झाला, बिस्किटं पुढे आली; २०१६मध्ये तो बंद पडला. भट्टी पेटली की भाजक्या साखरेचा वास थेट स्टेशनपर्यंत यायचा.

● प्रवास : पश्चिम रेल्वेचं स्टेशन, पलीकडे द्रुतगती महामार्ग. विमानतळ अगदी लागून.

● उंचीची मर्यादा : विमानांच्या उड्डाणमार्गामुळे इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. त्यामुळे मुंबईत इतरत्र दिसतात तसे टॉवर इथे उठत नाहीत आणि जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकासही रखडतो. बिल्डरला वर चढवायला मजलेच मिळत नाहीत, तर त्याचं गणित जमणार कसं?